अक्षर चुकले की बदलले? डीएनए अनुक्रमांच्या नोंदींतील दोष आणि उत्परिवर्तने

प्रस्तावना

हस्तलिखितांचे पाठ कसे ताडून पाहतात याचा परिचय तुम्हाला संहितासंपादनाच्या अभ्यासात झालेला आहे. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांत एखादा शब्द वेगळा आढळला की संपादकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : हा लेखनिकाचा हस्तदोष आहे, की परंपरेने खरोखरच वेगळा राखलेला पाठ आहे? नुसत्या शब्दाकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी पोथी कोणाची, कोणत्या काळची, कोणत्या प्रतीवरून उतरवलेली, हे शोधावे लागते.

प्रस्तुत घटकात हाच प्रश्न आपल्याला एका निराळ्या लिखाणाच्या संदर्भात पाहावयाचा आहे. हे लिखाण म्हणजे सजीवांच्या पेशींतील डीएनएचा अनुक्रम. तो वाचून संगणकीय माहितीकोशात साठवतात, आणि साठवताना त्यात दोन प्रकारचे वेगळेपण शिरते. एक वाचणाऱ्याच्या चुकीमुळे, दुसरे निसर्गात झालेल्या बदलामुळे. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. त्यांतील भेद नोंदवण्याची जी भाषा वैज्ञानिकांनी घडवली आहे, तिचा परिचय करून घेणे हा या घटकाचा हेतू आहे.

मराठीच्या विद्यार्थ्याने हे का वाचावे, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. तुमच्यापैकी काही जण रुग्णालयात, प्रयोगशाळेत, शाळेत वा वृत्तपत्रात काम करीत हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असाल. ‘नवे उत्परिवर्तन आढळले’ अशी बातमी भाषांतरित करण्याची किंवा एखाद्या नातेवाइकाचा जनुकीय तपासणीचा अहवाल समजावून सांगण्याची वेळ तुमच्यावर येऊ शकते. त्या वेळी एक अंक किंवा एक अक्षर इकडेतिकडे झाले तर अर्थ पूर्ण बदलतो.

चार अक्षरांची पोथी

डीएनए हा एक अतिशय लांब रेणू आहे आणि तो ॲडेनिन, सायटोसिन, ग्वानिन व थायमिन या चार घटकांच्या ओळीने बनलेला असतो. त्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे, म्हणजे ‘ए’, ‘सी’, ‘जी’ आणि ‘टी’, हीच या पोथीची वर्णमाला. तिच्यात शब्दांमध्ये जागा नाही, दंड नाही, परिच्छेद नाही. जुन्या पोथ्यांतील सलग लिहिलेल्या ओळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या अडचणीची कल्पना चटकन येईल.

हे अनुक्रम जपणारे तीन मोठे सार्वजनिक माहितीकोश आहेत. युरोपातील माहितीकोशाची स्थापना १९८० मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाली. अमेरिकेतील जेनबँक १९८२ मध्ये सुरू झाली, आणि जपानचा माहितीकोशही त्याच दशकात उभा राहिला. हे तिन्ही परस्परांशी रोज देवाणघेवाण करतात. म्हणून एका ठिकाणी जमा केलेला अनुक्रम तिन्हीकडे मिळतो. अर्थात एका ठिकाणी शिरलेली चूकही तिन्हीकडे मिळते.

जेनबँकेची एक नोंद उघडली तर तिचे तीन भाग दिसतात. वरच्या भागात अनुक्रमाचा ओळखक्रमांक, तो कोणत्या सजीवाचा आहे, कोणी जमा केला, कोणत्या शोधनिबंधात प्रसिद्ध झाला इत्यादी माहिती असते. आपण जिला पुष्पिका म्हणतो तिचे काम हा भाग करतो, फक्त तो शेवटी न येता आरंभी येतो. अगदी खाली प्रत्यक्ष अनुक्रम असतो : एका ओळीत साठ अक्षरे, दहा-दहांच्या गटांत, आणि डाव्या बाजूस स्थानांक. या दोहोंच्या मध्ये असतो तो वैशिष्ट्यांचा तक्ता. कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत जनुक आहे, प्रथिन कोठून सुरू होते, कोठे शंका आहे, कोठे पाठभेद आहे, हे सारे तेथे स्थानांक देऊन लिहिलेले असते. आपल्या विषयाचा जीव या मधल्या तक्त्यात आहे.

अक्षरे चुकतात कशी? पहिले कारण वाचनाचे. एकच अक्षर लागोपाठ अनेकदा आले, समजा ‘सी’ पाचसहा वेळा आले, तर ते नेमके किती वेळा आहे हे मोजताना जुन्या पद्धती चुकत आणि काही नव्या यंत्रांचीही तेथे फसगत होते. लेखनिकाची नजर दोन सारख्या अक्षरांवरून घसरून एक गळते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून आजची यंत्रे प्रत्येक अक्षरासोबत खात्रीचा एक अंक देतात. तो २० असेल तर चुकीची शक्यता शंभरात एक, ३० असेल तर हजारात एक. आपल्या जुन्या लेखनिकांनी असा अंक प्रत्येक अक्षरावर लिहून ठेवला असता तर संपादकांची किती वर्षे वाचली असती!

दुसरे कारण भेसळीचे. अभ्यासासाठी डीएनएचा तुकडा जिवाणूत वाढवताना तो एका वाहक डीएनएला जोडतात; त्या वाहकाचाच भाग मूळ अनुक्रमात राहून जातो. कधी हाताळणाऱ्या माणसाचा डीएनए नमुन्यात मिसळतो. तिसरे कारण अगदी साधे, माणसाने टंकलिखित करताना केलेली चूक. सुरुवातीच्या काळात छापील शोधनिबंधातील अक्षरे पाहून ती माहितीकोशात हाताने भरली जात, तेव्हा हा धोका मोठा होता.

आणि या सर्वांपलीकडे खरा बदल असतो. पिढ्यान्‌पिढ्या डीएनएच्या प्रती निघताना पेशीच्या हातूनही अक्षर बदलते. हा बदल सजीवाच्या अंगी खरोखर असतो आणि पुढच्या पिढीकडे जाऊ शकतो. यालाच उत्परिवर्तन म्हणतात.

केंब्रिजचा संदर्भ-अनुक्रम

दोष आणि उत्परिवर्तन यांतील भेद शिकण्यासाठी एका प्रसिद्ध अनुक्रमाचा इतिहास आपण तपशिलाने पाहू. याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या पेशींत केंद्रकाखेरीज तंतुकणिका नावाची सूक्ष्म अंगे असतात. पेशीला लागणारी ऊर्जा बहुतांशी तेथे तयार होते. या तंतुकणिकांचा स्वतःचा एक छोटा, वर्तुळाकार डीएनए असतो आणि तो अपत्याला आईकडून मिळतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी मानवी तंतुकणिकांचा हा संपूर्ण अनुक्रम वाचून १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची लांबी १६,५६९ अक्षरे होती. त्या काळातील कष्ट लक्षात घेता ही कामगिरी अपूर्व होती. ‘केंब्रिज संदर्भ-अनुक्रम’ या नावाने तो जगभर मान्य झाला, आणि ‘अमुक रुग्णाचे अमुक स्थानी अक्षर वेगळे आहे’ असे म्हणताना सगळे जण त्याच्याशी तुलना करू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. संदर्भ-अनुक्रम म्हणजे आदर्श किंवा निर्दोष अनुक्रम नव्हे. हा डीएनए मुख्यतः एका व्यक्तीच्या वारेतून घेतलेला होता. काही ठिकाणी वाचन स्पष्ट होईना, तेव्हा ‘हेला’ या नावाने प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींच्या आणि गाईच्या तंतुकणिकांच्या अनुक्रमाचा आधार घेतला गेला. त्रुटित पोथीतील जागा दुसऱ्या शाखेच्या पोथीवरून भरून काढण्यासारखाच हा प्रकार होता.

पुढे वर्षानुवर्षे असंख्य लोकांचे अनुक्रम वाचले गेले आणि एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येऊ लागली. काही स्थानांवर जवळजवळ प्रत्येक माणूस संदर्भापेक्षा वेगळा निघत होता. याचे दोन अर्थ संभवतात. एक, १९८१ मध्ये तेथे वाचनाची चूक झाली. दोन, वाचन अचूक होते, पण ज्या व्यक्तीची वार वापरली तिच्याच डीएनएत त्या जागी दुर्मीळ अक्षर होते. आता सांगा, या दोहोंतील खरा अर्थ कसा ठरवावा? हजारो नवे अनुक्रम पाहूनही तो ठरत नाही, कारण दोन्ही परिस्थितींत बहुमत संदर्भाच्या विरुद्धच जाणार.

उपाय एकच होता, मूळ पोथी पुन्हा वाचणे. सुदैवाने त्या वारेचा डीएनए जपून ठेवलेला होता. अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच डीएनए पुन्हा वाचला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अकरा ठिकाणी १९८१ चे वाचन सदोष निघाले. त्यांपैकी १४,२७२ आणि १४,३६५ या स्थानांवरील चुका गाईच्या अनुक्रमाच्या आधारामुळे आल्या होत्या, तर १४,७६६ या स्थानावरील चूक हेला पेशींमुळे. आणि सात ठिकाणी वाचन बिनचूक ठरले. तेथे त्या व्यक्तीचा डीएनए खरोखरच दुर्मीळ प्रकारचा होता. उदाहरणार्थ, २६३ व्या स्थानी तिच्या डीएनएत ‘ए’ आहे, तर जगातील बहुतेक लोकांच्या डीएनएत तेथे ‘जी’ असतो.

संशोधकांनी पुढे जे केले ते संपादनाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. दोष त्यांनी दुरुस्त केले, दुर्मीळ पाठ मात्र तसेच ठेवले. बहुमताचे अक्षर घालून अनुक्रम ‘सुधारण्याचा’ मोह त्यांनी टाळला, कारण तसे केले असते तर तो कोणत्याही एका खऱ्या व्यक्तीचा अनुक्रम उरला नसता. याचा परिणाम असा की आजही तुमचा-माझा तंतुकणिकांचा डीएनए तपासला तर अहवालात ‘२६३ व्या स्थानी ए ऐवजी जी’ असे लिहून येण्याचीच शक्यता अधिक. ते वाचून घाबरण्याचे कारण नाही. बदल आपल्यात झालेला नाही. संदर्भ-व्यक्तीच्या पूर्वजांत झालेला आहे.

अकरा दोषांतील एक निराळ्या जातीचा होता. ३,१०६ आणि ३,१०७ या लगतच्या दोन्ही स्थानी १९८१ च्या अनुक्रमात ‘सी’ होते, प्रत्यक्षात तेथे एकच ‘सी’ आहे. म्हणजे खरी लांबी १६,५६८. आता जादा अक्षर काढून टाकावे, तर त्यापुढील तेरा हजारांवर स्थानांक एकेकाने मागे सरकणार. यात काय बिघडले? १९८८ मध्ये लेबर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक दृष्टिनाशाचे एक कारण सापडले होते : ११,७७८ व्या स्थानी ‘जी’ च्या जागी ‘ए’. या विकारात बहुधा तरुण वयात, आणि अधिक करून पुरुषांत, दोन्ही डोळ्यांची मध्यवर्ती दृष्टी थोड्या काळात जाते. या स्थानांकावर तोवर अनेक शोधनिबंध आणि रुग्णांचे अहवाल लिहिले गेले होते. गणना सरकली असती तर जुन्या अहवालातील ११,७७८ आणि नव्या अहवालातील ११,७७८ ही दोन वेगवेगळी अक्षरे झाली असती. आईचा अहवाल जुना आणि मुलाचा नवा असेल, तर दोहोंचा मेळ कोणी घालायचा?

म्हणून अक्षर काढले, पण त्याची जागा राखली. ३,१०७ व्या स्थानी आज ‘एन’ हे चिन्ह आहे आणि तेथे प्रत्यक्षात अक्षर नाही, अशी टीप नोंदीत दिलेली आहे. एरवी ‘एन’ चा अर्थ ‘चारपैकी कोणतेही अक्षर’ असा होतो. येथे तो रिकाम्या जागेसाठी वापरला आहे. ही तडजोड देखणी नाही. परंतु ज्या ग्रंथाच्या ओवीक्रमांकावर शेकडो टीकाग्रंथ उभे आहेत त्यातील एक ओवी प्रक्षिप्त ठरली, तरी शहाणा संपादक पुढचे सगळे क्रमांक बदलत नाही, हे तुम्ही जाणताच.

नोंद करण्याची भाषा

आता मधल्या तक्त्याकडे वळू. वेगळेपण नोंदवण्यासाठी तिन्ही माहितीकोशांनी समान संज्ञा ठरवल्या आहेत. त्यांची नावे इंग्रजीच आहेत. आपण त्यांचा आशय पाहू.

अक्षर वाचले, पण खात्री नाही, अशा छोट्या भागासाठी ‘अनशुअर’ ही संज्ञा आहे. दहाएक अक्षरांपर्यंतच्या जागेसाठी ती योजतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तुम्ही ग्रंथालयात पाहिली असेल, तर तिच्यात काही शब्दांखाली नागमोडी रेघ आढळली असेल. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी स्वीकारलेल्या पद्धतीत, पाठ स्वीकारला आहे पण तो पूर्ण निश्चित नाही, असे त्या रेघेने सुचवले जाते. ‘अनशुअर’ ही या तक्त्यातील नागमोडी रेघ समजा. शंका लपवण्यापेक्षा ती दाखवणे हे दोन्हीकडे प्रामाणिकपणाचे लक्षण मानले जाते.

पूर्वी वेगळे छापले होते, आता दुरुस्त केले आहे, असे सांगण्यासाठी ‘ओल्ड सीक्वेन्स’ ही संज्ञा आहे. ती वापरताना आधीचा पाठ कोठे प्रसिद्ध झाला होता त्याचा निर्देश करावाच लागतो. नुसते ‘पूर्वी चूक होती’ एवढे चालत नाही.

त्याच जातीच्या दुसऱ्या सजीवात किंवा संबंधित वाणात या जागी स्थिर स्वरूपाचा खरा बदल आढळतो, हे ‘व्हेरिएशन’ या संज्ञेने नोंदवतात. आपल्या परिभाषेतील पाठभेद तो हाच. आणि जे वेगळेपण यांपैकी कशातच बसत नाही, त्यासाठी ‘मिसलेनियस डिफरन्स’ हा संकीर्ण कप्पा आहे. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणलेले बदल येथे ठेवता येतात. संकीर्ण कप्पा सोयीचा असतो आणि म्हणूनच त्याचा अतिवापर होतो, हे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला सांगावयास नको.

या प्रत्येक संज्ञेबरोबर स्थानांक येतो आणि ‘रिप्लेस’ या शीर्षाखाली पर्यायी अक्षरे येतात. तेथे काहीच लिहिले नाही, तर ती अक्षरे गळाली आहेत असा अर्थ होतो. दोन अक्षरांच्या मध्ये नवे अक्षर शिरले असेल तर त्या दोन स्थानांकांमध्ये एक टोकदार चिन्ह घालतात, जसे १२३^१२४. आपण हंसपद देऊन ओळीत राहिलेले अक्षर वर लिहितो, तशीच ही खूण.

याखेरीज आधार सांगणारी दोन शीर्षे आहेत. प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध झालेले असेल तर ‘एक्सपेरिमेंट’, आणि दुसऱ्या एखाद्या अनुक्रमाशी साम्य पाहून केलेले अनुमान असेल तर ‘इन्फरन्स’. माझ्या मते संपूर्ण तक्त्यात ही दोन शीर्षे सर्वांत मोलाची आहेत आणि सर्वांत दुर्लक्षितही. कारण असे होते की एका जनुकाला कोणीतरी अनुमानाने नाव देतो, दुसरा त्याच्याशी साम्य पाहून आपल्या जनुकाला तेच नाव देतो, तिसरा दुसऱ्यावरून. काही वर्षांनी शंभर नोंदी एकमुखाने तेच सांगताना दिसतात आणि त्यांपैकी एकीच्याही मागे प्रयोग नसतो. एका सदोष प्रतीवरून उतरवलेल्या शंभर पोथ्यांची साक्ष एकाच पोथीइतकी धरावी, हा नियम येथेही लागू पडतो.

विचित्र दिसते, तरी बरोबर

काही वेळा नोंद चुकीची वाटते आणि ती अचूक असते. करोना विषाणूचे उदाहरण घ्या. त्याच्या संदर्भ-अनुक्रमातील पहिल्या मोठ्या जनुकाची मर्यादा लिहिताना २६६ ते १३,४६८ आणि पुन्हा १३,४६८ ते २१,५५५ असे लिहिलेले आहे. १३,४६८ हा अंक दोनदा आलेला पाहून कोणाही काळजीवाहू मुद्रितशोधकाचा हात लेखणीकडे जाईल. पण तेथे दुरुस्ती करावयाची नाही. प्रथिन तयार करणारी पेशीतील यंत्रणा त्या ठिकाणी एक अक्षर मागे घसरते आणि ते अक्षर दोनदा वाचते. विषाणूला आपली पुढची प्रथिने मिळतात ती या घसरण्यामुळेच. म्हणून नोंदीत ‘रायबोसोमल स्लिपेज’, म्हणजे वाचक यंत्रणेची घसरण, असा स्पष्ट शेरा दिलेला असतो. कोणी सद्हेतूने येथे सुधारणा करू नये म्हणून लावलेली ती पाटी आहे.

याच विषाणूच्या अनुक्रमाची पहिली आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये माहितीकोशात आली तेव्हा तिची लांबी ३०,४७३ अक्षरे होती. तिच्या शेवटी विषाणूचा नसलेला, मानवी डीएनएशी जुळणारा तुकडा राहून गेला होता. दुरुस्तीनंतर तिसऱ्या आवृत्तीत लांबी २९,९०३ झाली. ओळखक्रमांक तोच राहिला. त्यापुढच्या बिंदूनंतरचा आवृत्तीचा अंक मात्र एकाचा तीन झाला. अशा बिंदूयुक्त आवृत्ती-क्रमांकाची पद्धत १९९९ पासून रूढ आहे. जुन्या आवृत्त्या पुसत नाहीत, मागणाऱ्याला त्या पाहता येतात. म्हणून अनुक्रमाचा हवाला देताना आवृत्तीचा अंकही लिहावा.

एकच बदल, दोन क्रमांक

महाराष्ट्रात विदर्भातील अनेक भागांत आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत सिकलसेल या रक्तविकाराची तपासणी होते, हे तुम्हाला ठाऊक असेल. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एक अक्षर बदलते. ‘जीएजी’ या त्रिकुटाचे ‘जीटीजी’ होते, आणि त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते. दोन्ही पालकांकडून हे बदललेले जनुक मिळाले तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊ लागतात.

हा बदल कितव्या जागी आहे? जुन्या ग्रंथांत सहावे अमिनो आम्ल असे उत्तर सापडते आणि नव्या अहवालांत सातवे. यातले कोणतेही चूक नाही. प्रथिन तयार होताना आरंभी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते आणि ते नंतर कापले जाते. पूर्वीच्या संशोधकांनी तयार प्रथिन हाती घेऊन मोजणी केली, म्हणून सहा. आजचा आंतरराष्ट्रीय संकेत जनुकाच्या आरंभापासून मोजतो, म्हणून सात. आणि अक्षरांच्या भाषेत तो विसाव्या स्थानी ‘ए’ चा ‘टी’ असा लिहितात.

गोंधळ इथेच थांबत नाही. जुन्या मोजणीत सहाव्या आणि सातव्या अशा दोन्ही जागी ग्लुटामिक आम्लच आहे. तेव्हा ‘सातवे ग्लुटामिक आम्ल’ असे वाचून कोणी जुन्या तक्त्यात शोधू लागला, तर त्याला तेथे ग्लुटामिक आम्ल मिळते आणि आपण शेजारच्या घरात शिरलो आहोत अशी शंकासुद्धा येत नाही. म्हणून भाषांतर करताना नुसता अंक घेऊ नका. मोजणी कोठून केली आहे तेही लिहा.

शब्दयोजनेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. आनुवंशशास्त्राचा आजचा संकेत अहवालांत ‘उत्परिवर्तन’ हा शब्द टाळून ‘भेद’ या अर्थाचा शब्द वापरण्याकडे झुकला आहे, कारण उत्परिवर्तन म्हटले की वाचणारा ते रोगकारक समजतो. २०१५ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय आनुवंशशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार अशा भेदाचे पाच वर्ग करतात : रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. मधला वर्ग रुग्णाला सर्वांत अधिक छळतो. ‘अर्थ अनिश्चित’ याचा ‘धोका आहे’ असा अनुवाद करणे चूक आहे आणि ‘काळजी नको’ असा करणेही चूकच. हा वर्ग पुढे पुराव्यानिशी बदलू शकतो, एवढेच त्यातून समजावे.

दुरुस्तीचा अधिकार कोणाचा?

तुम्हाला माहितीकोशातील एखाद्या नोंदीत दोष सापडला असे समजा. तो तुम्ही दुरुस्त करू शकत नाही. या तीन माहितीकोशांत नोंदीवर अधिकार असतो तो ती जमा करणाऱ्याचा. बाहेरच्या वाचकाने चूक कळवली तर कर्मचारी ती मूळ संशोधकाला कळवतात. त्याने मान्य केले तर नवी आवृत्ती निघते. तो निवृत्त झाला असेल, विषय सोडून गेला असेल, किंवा त्याला पटलेच नाही, तर नोंद आहे तशी राहते.

ही व्यवस्था आळशी वाटेल, पण तिच्यामागे विचार आहे. माहितीकोश म्हणजे दप्तरखाना. तेथे कोणी काय वाचले हे जपले जाते. ज्याला सुधारलेली संहिता हवी आहे त्याच्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राने ‘रेफसेक’ नावाचा वेगळा संग्रह ठेवला आहे. त्यात तज्ज्ञ संपादक अनुक्रम निवडतात आणि सुधारतात. मूळ पोथी वेगळी आणि चिकित्सक आवृत्ती वेगळी, अशी ही विभागणी आहे. अडचण एवढीच की घाईत असणारा वाचक पोथीलाच आवृत्ती समजतो.

स्वाध्याय

पुढील चार प्रसंग वाचा आणि प्रत्येकी कोणती संज्ञा योजाल ते कारणासह लिहा.

एका नोंदीतील ४१२ वे अक्षर ‘जी’ आहे. त्याच नमुन्याचा डीएनए पुन्हा वाचल्यावर तेथे ‘सी’ निघाला, आणि जुना पाठ एका शोधनिबंधात छापलेला आहे.

भाताच्या एका वाणात ८८ व्या स्थानी ‘टी’ आहे. दुसऱ्या वाणातील पाच स्वतंत्र रोपांत, वेगवेगळ्या वेळी वाचूनही, तेथे ‘ए’ येतो.

यंत्राने २०१ ते २०६ या स्थानांवरील अक्षरांना फार कमी खात्रीचा अंक दिला आहे आणि नमुना संपल्यामुळे पुन्हा वाचन शक्य नाही.

एका रुग्णाच्या अनुक्रमात १५० व्या स्थानी संदर्भापेक्षा वेगळे अक्षर आले आहे. वाचन एकदाच झाले आहे, खात्रीचा अंक बरा आहे, आणि असा बदल इतरत्र कोठेही नोंदलेला नाही.

पहिल्या तीन प्रसंगांची उत्तरे तुम्हाला या घटकातच सापडतील. चौथ्यासाठी ‘व्हेरिएशन’ हा शब्द मनात येईल. तो लिहिण्यापूर्वी उलट्या दिशेनेही तोच भाग वाचून घ्यावा, दुसरा नमुना मागवावा. तंतुकणिकांच्या अनुक्रमांत अशा आभासी उत्परिवर्तनांचा एवढा सुळसुळाट झाला होता की संशोधकांना त्यांच्यासाठी ‘फँटम’ हे वेगळे नाव द्यावे लागले. दुसरा नमुना येईपर्यंत त्या जागी काय लिहून ठेवाल, ते तुमच्या उत्तरपत्रिकेत चार ओळींत स्पष्ट करा.